दम्याचा निळा पंप पहिल्यांदा हातात आला असेल तर

पुण्यात धायरीला राहायला आल्यानंतरचा आमचा तो दुसरा पावसाळा. जुलैतली रात्र, अडीच वाजले असतील. बेडरूमच्या भिंतीला ओल आलेली, खिडक्या बंद आणि मी पलंगाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसलेले. छाती दोरीने आवळल्यासारखी झालेली. उशाखालचा पंप काढला, दाबला. फुस्स आवाज आला, जिभेला गार लागलं. पाच-सहा वेळा दाबला तरी दम उतरेना. नवऱ्याने गाडी काढली. दवाखान्यात सिस्टरांनी पंप हातात घेऊन विचारलं, "ताई, हा कधी आणलाय?" मे महिन्यात माहेरी जाताना आणला होता एवढंच आठवत होतं. दिवसाला चार-पाच फवारे धरले तर २०० फवारे जून संपता संपताच संपतात. औषध संपलं तरी डबीत थोडा गॅस उरतो आणि दाबलं की आवाज येतच राहतो. शेवटचे काही दिवस पंपाने पूर्वीसारखं हलकं वाटत नव्हतं, ते मी पावसावर ढकललं होतं.

त्या रात्रीनंतर मी या औषधाबद्दल नीट विचारून घेतलं. छातीच्या डॉक्टरांना, आमच्या मेडिकलवाल्या काकांना आणि माझ्यासारख्याच इतर पेशंटना. मी डॉक्टर नाही. डोस तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा. पण पंप घरी आणल्यापासून पुढे काय काय करायचं आणि कुठे माणूस फसतो, ते मी सांगू शकते.

१. तुम्हाला नेमकं कुठलं औषध दिलंय ते ओळखा

दम्यात दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळतात आणि नळीच्या आतलं अस्तर सुजतं. श्वासनलिका रुंद करणारी औषधं फक्त पहिल्या गोष्टीवर काम करतात. स्नायू सैल पडतात, वाट मोकळी होते, सूज मात्र जिथल्या तिथे राहते. ती उतरवायला श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड लागतं. हा फरक मला आधी कळला असता तर ती रात्र आलीच नसती.

तुमच्या चिठ्ठीवर यातलं काहीतरी असेल:

सालब्युटामॉल किंवा लिव्होसालब्युटामॉल. हाच बहुतेकांचा निळा पंप. काही मिनिटांत उतार पडतो आणि तो साधारण ४ ते ६ तास टिकतो. हे तातडीचं औषध.

फॉर्मोटेरॉल आणि साल्मेटेरॉल. यांचा परिणाम १२ तासांच्या आसपास राहतो. फॉर्मोटेरॉल लवकर लागू पडतं, साल्मेटेरॉलला वेळ लागतो. म्हणून दम लागल्यावर साल्मेटेरॉलच्या पंपाकडे धावून उपयोग नाही. आणि दमा असणाऱ्याने ही दोन्ही औषधं स्टेरॉइडशिवाय एकटी कधीही घ्यायची नाहीत. त्याने जिवावर बेतू शकतं. म्हणूनच ती बहुधा एकाच पंपात स्टेरॉइडसोबत मिळतात, उदाहरणार्थ बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल.

इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम. ही वेगळ्या वाटेने काम करतात. बिडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसं खराब झालेल्यांना, म्हणजे सीओपीडीच्या पेशंटना, ही जास्त दिली जातात. माझ्या बाबांना टायोट्रोपियम चालू आहे.

थिओफिलिनच्या जातीच्या गोळ्या. स्वस्त असल्यामुळे अजूनही खूप लिहून दिल्या जातात. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

पंपाच्या रंगावर विसंबू नका. रंग कंपनीगणिक बदलतो. डबीवरचं औषधाचं नाव वाचा आणि प्रत्येक पंपावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: "दम लागला तर" किंवा "रोज सकाळ-रात्र". रात्री चष्मा सापडत नाही तेव्हा हेच उपयोगी पडतं.

आणखी एक. जगभरातले डॉक्टर जिच्या मार्गदर्शक सूचना पाहतात त्या 'जिना' (GINA) या दम्यावरच्या जागतिक संघटनेने २०१९ सालापासून स्पष्ट सांगितलंय की १२ वर्षांवरच्या कुठल्याही दमेकऱ्याला फक्त सालब्युटामॉलवर ठेवू नये, कुठल्या ना कुठल्या रूपात श्वासातलं स्टेरॉइड हवंच. तुमच्याकडे फक्त निळा पंप असेल आणि दमा आहे असं सांगितलं गेलं असेल, तर पुढच्या भेटीत हा प्रश्न नक्की विचारा. स्टेरॉइड या शब्दाला घाबरू नका. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती बहुतांशी छातीतच काम करते.

२. फाइल तयार करा, तपासणी करून घ्या

दम लागतो म्हणजे दमाच असतो असं नाही. हृदयाचा त्रास, रक्त कमी असणं, कबुतरांच्या विष्ठेमुळे होणारा फुप्फुसाचा आजार, यांतही धाप लागते. त्यांना पंप पुरा पडत नाही. तुमच्या डक्टमध्ये किंवा बाल्कनीत कबुतरांचं बस्तान असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

दम्याची मुख्य तपासणी स्पायरोमेट्री. नळीत जोरात फुंकायचं, मग पंपाचे फवारे घ्यायचे, थोड्या वेळाने पुन्हा फुंकायचं. दुसऱ्या वेळी आकडा किती वाढला त्यावरून वाट कितपत मोकळी होते ते कळतं. तपासणीआधी साधारण ४ ते ६ तास निळा पंप घेऊ नका असं सांगतात, लांब पल्ल्याच्या पंपांना त्याहून जास्त अंतर लागतं. अपॉइंटमेंट घेतानाच विचारून ठेवा. पण त्या दिवशी दम लागलाच तर पंप घ्या आणि तिथे जाऊन तसं सांगा. तपासणी पुढच्या आठवड्यात होईल.

खाजगीत परवडत नसेल तर स्टेशनजवळचं ससून आहे, औंधचं उरो रुग्णालय आहे. सकाळी लवकर जा.

फाइलमध्ये ठेवायचे कागद:
- सध्याची चिठ्ठी, आणि जुन्या बंद झालेल्या औषधांची यादी
- स्पायरोमेट्रीचा आणि छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट
- इतर सगळ्या औषधांची नावं: बीपी, थायरॉइड, शुगर, डोळ्यांचे थेंबसुद्धा
- कुठल्या गोळीने कधी त्रास झाला ते
- आधार कार्डाची झेरॉक्स, मेडिक्लेम असेल तर त्याचं कार्ड

डोळ्यांच्या थेंबांचा दम्याशी काय संबंध असं वाटेल. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब देतात आणि त्यांनी दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळू शकतात. प्रोप्रानोलॉल या गोळीचंही तेच. ती अर्धशिशीसाठी, हात थरथरण्यासाठी, छातीत धडधडण्यासाठी सहज लिहून दिली जाते. पंपाने हात थरथरतायत म्हणून दुसऱ्या कुणाकडे गेलात आणि तिथे दमा असल्याचं सांगितलं नाही, तर नेमकी हीच गोळी पदरात पडू शकते. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनीही जोराचा अटॅक येतो. कुठेही गेलात तरी पहिलं वाक्य "मला दमा आहे" हेच असू द्या. दाताच्या डॉक्टरांकडेसुद्धा.

३. पंप मारायची रीत

मी सगळ्यात जास्त वेळ इथे घेणार आहे, कारण निम्म्याहून अधिक चुका मी इथेच पाहिल्यात. माझी स्वतःची चूक चार वर्षं कुणी पकडली नाही. मी आधी पंप दाबायचे आणि मग श्वास घ्यायचे. त्यात औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं आणि पोटात जातं. छातीत पोचतं ते नाममात्र.

एकदा उभं राहून, आरशासमोर, सावकाश करून बघा:

झाकण काढा आणि आत डोकावून बघा. पर्समध्ये झाकण निघालेलं असेल तर तोंडाच्या नळीत बडीशेपेचा दाणा, टिकलीचा कागद काहीही गेलेलं असू शकतं. ते श्वासात ओढलं जाईल.

पंप चार-पाच वेळा जोरात हलवा. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर दोन-चार फवारे हवेत सोडा, चेहऱ्यापासून लांब. नेमके किती ते पंपासोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं.

सरळ बसा किंवा उभे राहा. तोंडाने श्वास पूर्ण बाहेर सोडा, पंपात नको.

नळी दातांच्या मध्ये धरा, ओठ मिटून घ्या, जीभ खाली. आता सावकाश श्वास आत घ्यायला सुरुवात करा आणि सुरुवात झाल्याबरोबर एकदाच दाबा. दाबल्यावरही श्वास तसाच सावकाश, खोलवर ओढत राहा. गरम चहाचा वास घेतो तितकाच हळू. झटका नको.

पंप बाजूला करा, तोंड मिटा आणि मनात १० आकडे मोजा. जमत नसेल तर जेवढे जमतील तेवढे. मग नाकाने श्वास सोडा.

दुसरा फवारा लागणार असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा, सगळं पुन्हा तसंच करा. दोन फवारे एकदम दाबले की दुप्पट काम होतं हा गैरसमज आहे. दुसऱ्या फवाऱ्याची मात्रासुद्धा नीट सुटत नाही.

पंपात स्टेरॉइड असेल तर शेवटी खळखळून चूळ भरा आणि पाणी थुंकून टाका. नाही भरलीत तर तोंडात पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. मी घरी शिकवण्या घेते, आवाज बसणं मला परवडत नाही. म्हणून पंप बेसिनजवळच्या कप्प्यात, टूथब्रशच्या शेजारी ठेवला आहे. पंप घ्यायचा, लगेच ब्रश. विसरायला होत नाही.

आठवड्यातून एकदा धातूची डबी काढून बाजूला ठेवा आणि प्लॅस्टिकचं कवच कोमट पाण्याखाली धुऊन वाळवा. डबी ओली करायची नाही.

४. स्पेसर घ्याच

श्वास आणि दाबणं यांची वेळ जुळत नसेल, घरात लहान मूल असेल, वयस्कर माणूस असेल, तर स्पेसरशिवाय पंप देऊ नका. खरं तर अटॅकच्या वेळी सगळ्यांनाच तो हवा, कारण धाप लागलेल्या माणसाला वेळ जुळवणं शक्यच नसतं. पोकळ प्लॅस्टिकची नळी असते. एका बाजूने पंप बसवायचा, दुसऱ्या बाजूने तोंड लावायचं. फवारा आत तरंगतो, जड थेंब भिंतीला चिकटतात, बारीक थेंब छातीत जातात.

एका वेळी एकच फवारा, आणि फवारल्यावर लगेच श्वास. माझ्या भाचीला, वय साडेतीन, मास्क लावून देतो. मास्क नाक-तोंडावर घट्ट बसला पाहिजे, मग तिचे नेहमीचे पाच-सहा श्वास मोजायचे. ती झोपेत असताना देऊन बघायचा मोह माझ्या बहिणीला झाला होता, पण मास्क लागताच मूल दचकून उठतं आणि रडायला लागतं. रडताना औषध आत फार कमी जातं. गोष्ट सांगत, बाहुलीला आधी मास्क लावून दाखवत केलं तर पाचव्या दिवशी मूल आपणहून तोंड पुढे करतं.

धुवायची पद्धत नीट लक्षात ठेवा. महिन्यातून एकदा कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घालून बुडवा, बाहेर काढा, निथळत ठेवा. फडक्याने पुसू नका. पुसलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीला चिकटून बसतं.

५. कॅप्सूलचं यंत्र आणि वाफेचं मशीन

आपल्याकडे बऱ्याच जणांना फवाऱ्याऐवजी रोटाकॅप देतात. कॅप्सूल यंत्रात घालायची, फिरवून फोडायची आणि पावडर श्वासात ओढायची. इथे श्वास फवाऱ्याच्या अगदी उलट लागतो. जोरात आणि खोल. यंत्रात श्वास सोडायचा नाही, पावडर ओलसर होते. एक ओढ घेऊन कॅप्सूलमध्ये पावडर शिल्लक दिसली तर परत ओढा. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना ही ओढ जमत नाही.

आमच्या शेजारच्या आजी पंधरा दिवस ती कॅप्सूल पाण्यासोबत गिळत होत्या. डबी औषधासारखी, आत कॅप्सूल, त्यांनी गिळली. त्यांचा काय दोष? घरातल्या मोठ्यांना पहिल्या दिवशी समोर बसून करून दाखवा, आणि आठ दिवसांनी त्यांच्याकडून करून घ्या. पावसाळ्यात कॅप्सूल ओल धरतात, म्हणून डबीचं झाकण घट्ट लावा आणि लागेल तेव्हाच एक बाहेर काढा.

नेब्युलायझर, म्हणजे वाफेचं मशीन, घरी घ्यावं का असं मला नेहमी विचारतात. स्पेसरमधून नीट घेतलेला पंप बहुतेक अटॅकमध्ये तितकंच काम करतो, वीज गेली तरी चालतो आणि दोन मिनिटांत होतो. मशीनचा धोका असा की घरी आहे म्हणून लोक तासातासाला वाफ देत बसतात आणि दवाखान्यात जायला उशीर होतो. डॉक्टरांनी सांगूनच घेतलं असेल तर औषधात नळाचं पाणी मिसळू नका, सलाइनच वापरा. दर वापरानंतर कप धुऊन कोरडा करा. इप्राट्रोपियम असेल तर मास्कच्या फटीतून वाफ डोळ्यात जाणार नाही हे बघा. काचबिंदू असेल तर विशेष.

६. फवाऱ्यांचा हिशोब ठेवा

माझी सगळी चूक इथे होती, म्हणून हात जोडून सांगते, हे कराच. पंप उघडला त्या दिवशी स्केचपेनने डबीवर तारीख लिहा. आपण गॅस सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहितो ना, तशीच. पंपावर आकडे दाखवणारी खिडकी असेल तर उत्तमच, नसेल तर निळा पंप घेतला त्या दिवसाच्या चौकोनात प्रत्येक फवाऱ्याची एक रेघ मारा. डबी पाण्यात टाकून तरंगते का बघायची युक्ती ऐकली असेल. ती भरवशाची नाही, शिवाय पाण्याने डबीचं तोंड चोंदू शकतं.

रेघा मोजल्या की दुसरंही कळतं. आठवड्यात दोनापेक्षा जास्त दिवस निळा पंप लागतोय, किंवा रात्री दम्याने जाग येतेय, म्हणजे आतली सूज ताब्यात नाही. वर्षाला २०० फवाऱ्यांच्या तीन डब्या किंवा जास्त लागल्या तर मोठा अटॅक येण्याचा धोका वाढतो, आणि महिन्याला एक, म्हणजे वर्षाला बारा लागल्या तर जिवाचा धोका वाढतो. जिनाच्या सूचनांतले हे आकडे मला त्या रात्रीनंतर डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले. मी तोवर वर्षाला आठ-नऊ डब्या संपवत होते. मेडिकलमधून परस्पर आणायचे, चिठ्ठी कुणी मागायचं नाही, त्यामुळे डॉक्टरांना पत्ताच नव्हता.

निळा पंप इतका चांगला काम करतो की आपण बरे आहोत असं वाटतं, आणि खरी गरज असलेला रोजचा पंप कपाटात पडून राहतो. "बरं वाटतंय, कशाला घ्यायचा" हे वाक्य मी दहा वेळा म्हटलंय. बरं वाटतंय ते तो रोज घेतल्यामुळे, हे समजायला मला वेळ लागला. कमी करायचा की बंद करायचा ते डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने. गरोदरपणातही स्वतःच्या मनाने बंद करू नका. बाळाला पंपापेक्षा आईच्या दम्याचा धोका जास्त असतो.

काहींना एकच बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप रोजसाठीही आणि दम लागल्यावरही वापरायला देतात. चांगली पद्धत आहे, पण दिवसात जास्तीत जास्त किती फवारे ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या.

७. त्रास कुठला चालतो, कुठला नाही

निळा पंप घेतल्यावर हात थोडे थरथरणं, छातीत धडधडणं, डोकं दुखणं, पोटरीत गोळे येणं, हे होतं आणि थोड्या वेळाने जातं. पहिल्या आठवड्यात मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. जास्त मात्रा झाली तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं, शुगर वाढू शकते. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, थायरॉइड वाढलेला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. पंप घेतल्याबरोबर उलट दम वाढला, असं क्वचित होतं. तसं झालं तर तो पंप थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा.

"पंपाची सवय लागते, गोळी बरी" असं घरातली मोठी माणसं म्हणतात. एवढाच हिशोब त्यांना दाखवा: दोन फवारे म्हणजे २०० मायक्रोग्रॅम सालब्युटामॉल, एक ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे त्याच्या २० पट. गोळी आधी पोटात, मग रक्तातून सगळ्या अंगात फिरून छातीत. लागू उशिरा पडते, थरथर जास्त होते. आणि खोकल्याचं औषध घेताना बाटलीमागची बारीक अक्षरं वाचा. कफ सुटायच्या बऱ्याच सिरपमध्ये सालब्युटामॉल, लिव्होसालब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिन असतंच. पंप चालू, वर ते सिरप, म्हणजे नकळत दुप्पट.

आता थिओफिलिन. या गोळीची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार कमी आहे. बाबांची बिडी सुटली तेव्हा आम्ही पेढे वाटले, पण दोनच आठवड्यांत त्यांना मळमळ, उलट्या, धडधड सुरू झाली. धुरामुळे शरीर हे औषध भराभर बाहेर टाकत असतं. बिडी थांबली आणि तीच गोळी अंगात साठायला लागली. डॉक्टरांनी मात्रा कमी केली. सिप्रोफ्लॉक्सासिन, एरिथ्रोमायसिन यांसारख्या अँटिबायोटिकनेही असंच होतं. घरात कुणाला ही गोळी चालू असेल तर नवं अँटिबायोटिक घेण्याआधी विचारा.

इप्राट्रोपियम-टायोट्रोपियमने तोंड कोरडं पडतं. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडू शकते. बाबा हे सांगायला लाजत होते, दोन दिवस तसेच बसले. तुमच्या घरच्यांना थेट विचारा.

८. पुण्याची हवा आणि पंपाची जागा

स्कूटरच्या डिकीत पंप ठेवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या गाडीची डिकी चुलीसारखी तापते, आणि पंप ३० अंशांच्या खाली ठेवायचा असतो. कारचा डॅशबोर्डही नको. रिकामी डबी भोसकू नका, कचऱ्यासोबत जाळू नका. एक पंप अंगावर, एक घरात.

पावसाळ्यात ओल आणि बुरशी. गाजर गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९५५ साली पुण्यातच, आणि आजही ते मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढं वाढतं. त्याच्या परागांनी अनेकांची सर्दी आणि दमा उसळतो. उपटायचं काम दुसऱ्याला द्या. गणपतीत गुलाल आणि धूप, नरक चतुर्दशीच्या पहाटे फटाके, थंडीत शेकोट्यांचा धूर जमिनीलगत साचलेला. थंडीत सकाळी फिरायला जाण्याआधी, पाषाणच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेच्या 'सफर'वर हवेचा निर्देशांक बघायची मला सवय लागली आहे. घरात डासांची अगरबत्ती लावत असाल तर ती पहिली बंद करा.

पर्वती किंवा सिंहगड चढताना दम लागत असेल तर व्यायामाच्या पंधरा मिनिटं आधी पंप घेऊ का, हे डॉक्टरांना विचारा. व्यायाम सोडू नका.

९. अटॅक आला तर

डॉक्टरांकडून तुमच्यापुरता कागद लिहून घ्या आणि फ्रिजवर लावा. तो नसेल तर ऑस्ट्रेलियात सगळ्यांना शिकवतात ती चार-चार-चारची रीत लक्षात ठेवायला सोपी आहे. ती सालब्युटामॉलसाठी आहे. फॉर्मोटेरॉलच्या पंपाचा हिशोब वेगळा असतो.

पेशंटला सरळ बसवा, आडवं करू नका. गळ्याशी घट्ट कपडे सैल करा. स्पेसरमधून एक फवारा, चार श्वास. असे एकेक करून चार फवारे. चार मिनिटं थांबा. उतार नसेल तर पुन्हा चार. तरीही उतार नसेल तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार फवारे चालू ठेवा. अशा वेळी थोडी थरथर झाली तरी चालेल.

खालीलपैकी काही दिसलं तर मोजत बसू नका, फोन आधी करा आणि मग फवारे द्या:
- एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही
- ओठ किंवा नखं निळसर झालीत
- गुंगी येतेय, गोंधळल्यासारखं वागणं
- लहान मुलाच्या बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जातेय
- घरघर एकाएकी थांबली पण दम तसाच आहे. छाती शांत झाली म्हणून सुस्कारा सोडू नका, हवाच आत जात नसल्याची ती खूण असते

पंपाने उतार पडला, पण चार तासांच्या आत पुन्हा घ्यावा लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सोमवारची वाट पाहू नका.

१०८ ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि मोफत आहे. फोनवर घाबरून आपण पत्ता अर्धवट सांगतो. म्हणून फ्रिजवरच्या त्याच कागदावर आम्ही लिहून ठेवलंय: सोसायटीचं पूर्ण नाव, विंग, मजला, जवळचा चौक, मुख्य रस्त्यावरून आत वळायची खूण, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं की नाही, आणि वॉचमनचा नंबर. फोन झाला की एकाने खाली जाऊन गेट उघडं ठेवायचं, दुसऱ्याने पेशंटजवळ बसून फवारे मोजायचे. फाइल आणि वापरलेले सगळे पंप पिशवीत घालून सोबत न्यायचे, रिकामा असला तरी.